फोरमनकाकांची चाळण

फोरमनकाका सरकारी कागद चष्मा काढून वाचत. "वाचण्यासारखं काही असतं तर ठेवला असता," म्हणत. डोंबिवली एमआयडीसीतला कारखाना बंद पडला तेव्हा ते तिथे फोरमन होते. पुढे हाताखाली एकही माणूस उरला नाही, पण नाव तेच राहिलं.

मी तेव्हा नौपाड्यात एका सल्लागाराकडे योजनांच्या फायली भरायचे. लोकांच्या साध्या गोष्टी अवघड मराठीत लिहायच्या, एवढंच काम. काका आले ते 'नवोन्मेष प्रोत्साहन' असं छापलेलं माहितीपत्रक घेऊन. मी अर्थ सांगितला. "मग नवीन म्हणायला लाज वाटते का त्यांना?"

नवीन मात्र त्यांच्याकडे खरंच होतं. कोपरला खाडीकाठी त्यांच्या घरच्या आणि शेजारच्या बायका सुका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, निवडायच्या. मान खाली घालून त्यातले खडे, शिंपल्यांचे तुकडे वेचायच्या. त्यातच काकूंचे डोळे अधू झाले. मग काकांनी भंगारातली मोटर, पंखा आणि तीन जाळ्या जोडून चाळण बनवली. एका बाजूला जवळा, दुसऱ्या बाजूला खडे. एवढ्या घरांना एक चाळण पुरेना. तशी मोटर पुन्हा भंगारात मिळेना आणि नवी परवडेना, म्हणून दुसरीसाठी अनुदान हवं होतं.

बघायला येईल त्याला काका चाळणीचं ड्रॉइंग काढून देत. "काका, असं फुकट वाटू नका," मी म्हटलं. "अगं, बायकांच्या डोळ्यांवर कसलं पेटंट घेऊ?"

अर्जाला तीन उत्पादकांची कोटेशनं जोडायची होती. जे यंत्र जगात एकच माणूस बनवतो, त्याची तीन! मी म्हटलं, ओळखीच्या वर्कशॉपांची लेटरहेडं आणते, सगळे तेच करतात. काका भडकले. "नवीन बनवायचं आणि सुरुवातच खोटेपणाने?" त्यांनी स्वतः लिहून दिलं : 'हे यंत्र मीच बनवतो. दुसरा कोणी बनवत असल्यास पत्ता कळवावा, भेटायला जाईन.'

अनुदानाच्या सरकारी कचेरीतल्या साहेबांनी तो कागद दोन बोटांनी बाजूला सारला. "काका, तीन म्हणजे तीनच. इनोव्हेशनला पण प्रोसिजर असते ना!" त्यांच्यामागे पेटलेल्या बल्बचं भलंमोठं पोस्टर होतं. खुर्चीत तेवढाही उजेड नव्हता. असल्या माणसांच्या हाती आपण उद्याचा दिवस सोपवलाय.

फाइल पडून राहिली. दरम्यान आंबिवली, कल्याण आणि दिव्याच्या तिघांनी काकांच्याच ड्रॉइंगवरून चाळणी बनवायला घेतल्या. मी धावतपळत त्यांची कोटेशनं आणली, अगदी खरी. "तिघांनाही मीच शिकवलंय," काका कौतुकाने सांगत होते.

महिन्याभरात उत्तर आलं. सदर यंत्र बाजारात तिघांकडे उपलब्ध असल्याने त्यात नावीन्य आढळत नाही, सबब अर्ज नामंजूर.

ते पत्र काकांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माझंच चुकलं, पोरी. त्या तिघांना शिकवायला नको होतं."

अर्ज नामंजूर झाल्याचं एक वेळ मी विसरेन. पण त्या भल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य वदवून घेतलं, त्याची मला आजही चीड येते. त्याच महिन्यात मी ती नोकरी सोडली.

काका आता नाहीत. कोपरला दुसरी चाळण झालीच नाही. त्या एकाच चाळणीवर आपली पाळी येईपर्यंत काकू जवळा हातानेच निवडतात, बोटांनी चाचपून.