अर्धी वर आलेली डिपस्टिक

"तुमी गळती नका शोधू, मिस्त्रीजी. चोर शोधा," पुरुषोत्तम सेठ म्हणाले.

मी त्यांच्या गाडीखाली उताणा पडून इंजिनाचा तळ पाहत होतो. शेजारी त्यांचा ड्रायव्हर डोमाजी उभा होता. खालून मला त्याच्या फक्त चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत.

सेठजींची तुमसरला राईस मिल आहे. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, जुन्या डिझेल इंजिनाची. डोमाजीही वडिलांच्याच काळापासूनचा. मी एका सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त झालो. जवाहरनगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, घराशेजारी पत्र्याची शेड टाकून आता फक्त जुनी डिझेल इंजिने पाहतो. नव्या गाड्या घेत नाही.

तक्रार साधी होती. गाडीचे इंजिन ऑइल सतत कमी होत होते. उभ्या गाडीखाली डाग पडत होते, पण लहान.

"खाली पडते चार थेंब, अन् वरून ओताव लागते डबाभर," सेठजी म्हणाले. "बाकीचं जाते कुठं? मी सकाळी बोनेट उघडतो त डिपस्टिक अर्धी वर! रोज! म्हंजे कोनीतरी हात घालून राहिला का नाई?"

डिपस्टिक म्हणजे इंजिनातील ऑइलची पातळी मोजण्याची लांब, पातळ पट्टी. ती नळीत पूर्ण बसलेली असते. ती वर आलेली दिसली, तर कोणी ओढली असावी असे वाटणे स्वाभाविक आहे.

"मी कायले हात घालू जी?" डोमाजी म्हणाला. "ते तेल का भाजीत टाकाचं हाये?"

"तुह्या जावयाचा ट्रॅक्टर हाये ना कोंढ्याले! त्याच्यात टाकत असशीन."

"त्याचा ट्रॅक्टर त दिवाळीपासून बंद हाये, सेठजी. तेलावर चालू होत असता, त बरंच झालं असतं."

मी बाहेर आलो. सेठजींनी मला बाजूला न घेता, डोमाजीच्या देखतच सांगितले की, नवा माणूस पाहून ठेवला आहे. गाडीची चावी त्यांनी सकाळीच काढून घेतली होती आणि इथवर गाडी स्वतः चालवत आणली होती. त्यांना माझ्याकडून दुरुस्ती नको होती, साक्ष हवी होती. मी 'ऑइल काढले जाते' एवढे म्हटले की डोमाजीची नोकरी संपणार होती. त्याचे वय पाहता दुसरी मिळण्यासारखी नव्हती.

साक्ष देण्याची मला सवय नाही. तसाच कोणावर विश्वास ठेवण्याचीही नाही. ऑइल विकणारे ड्रायव्हर मी नोकरीत पाहिले आहेत. त्यांचे चेहरे डोमाजीइतकेच भोळे असत. जुना नोकर काढायचा असला की मालकाला निमित्त लागते, हेही पाहिले आहे. म्हणून त्या वेळी माझा संशय दोघांवर सारखाच होता. तिसरा संशय आधीच्या दोन गॅरेजांवर होता.

पहिल्या गॅरेजने इंजिनाच्या डोक्यावरील झाकणाचे गॅसकेट बदलले होते. दोन धातूंच्या जोडात फट राहू नये म्हणून मध्ये जी नरम पट्टी घालतात, ती गॅसकेट. तरी ऑइल गेले. दुसऱ्या गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून इंजिनाच्या मागच्या टोकाचे ऑइल सील बदलले. फिरणाऱ्या दांड्याभोवती घट्ट बसणारी ती रबरी कडी असते. काम मोठे आहे. त्यानंतर तर ऑइल अधिकच गेले. यावरून सेठजींनी अनुमान काढले की, गाडीत दोष उरला नाही, म्हणून तो माणसात आहे.

मी गॅसकेट पाहिले आणि गिअरबॉक्सखालची झडप काढून टॉर्चने सीलही पाहिले. माल चांगला होता, बसवलाही नीट होता. तरी दोन्ही ठिकाणी ओल होती. मला हे पटेना. एक जोड गळतो, हे रोजचे आहे. दोन नवे जोड एकदम गळतात, तेव्हा आत काहीतरी त्यांना ढकलत असते.

"आधी गाडी धुऊ," मी म्हणालो.

गळतीच्या कामात घाण ही खोटी साक्षीदार असते. ऑइल एका ठिकाणी निघते, वाऱ्याने मागे सरकते, उतारावरून खाली येते आणि तिसऱ्याच ठिकाणी टपकते. जिथे थेंब पडतो तिथे दोष क्वचितच असतो. इंजिन डिझेलने धुतले, कोरडे केले आणि जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरली. पावडर जिथे प्रथम भिजते, तो उगम.

दुसरे काम सेठजींसाठी केले. इंजिनाच्या तळाशी ऑइल काढण्याचा बोल्ट असतो. त्या बोल्टपासून तळाच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. कोणी बोल्ट फिरवला, तर रेघ तुटते. पुन्हा तशीच जुळवणे जमत नाही.

"हे बेस झालं," सेठजी खूश झाले.

"बेसच झालं," डोमाजी म्हणाला. "माह्या कपाळावरबी एक ओढा."

मी दोघांनाही मागच्या सीटवर बसवले आणि गाडी स्वतः चालवली. भंडाऱ्याच्या दिशेने दूरवर जाऊन परत आलो. माझे लक्ष इंजिनाकडे होते. ते लगेच चालू झाले होते. चढावर ओढ चांगली होती. मागे निळा धूर नव्हता. या तीन गोष्टी मी लक्षात ठेवल्या.

शेडमध्ये आल्यावर बोनेट उघडले. पावडर गॅसकेटपाशी भिजली होती, खाली सीलपाशीही. ताजे ऑइल चेसिसवरून मागे पार बंपरपर्यंत उडाले होते. डबाभर ऑइल कुठे जाते, याचे उत्तर तिथेच होते. ते चालत्या गाडीतून रस्त्यावर जात होते. उभ्या गाडीखाली पडत होते ते उरलेसुरले.

पांढरी रेघ अखंड होती. आणि डिपस्टिक अर्धी वर आलेली होती.

सेठजींनी ती पाहिली. मग डोमाजीकडे पाहिले. डोमाजी सर्व वेळ त्यांच्या शेजारी बसलेला होता.

"आता हे कोनं ओढली जी?" डोमाजीने विचारले.

"खड्ड्यानं आली असन," सेठजी म्हणाले. आवाज मात्र पूर्वीचा नव्हता.

मी इंजिन चालू ठेवून ऑइल ओतण्याचे झाकण सैल केले. झाकण हातात थडथडू लागले. काढताच आतून गरम वाफेचा झोत आला, माझा चष्मा ऑइलने माखला. इंजिनाच्या पोटात दाब साचत होता. तोच दाब डिपस्टिक वर ढकलत होता आणि ऑइलला प्रत्येक जोडातून बाहेर काढत होता.

असा दाब दिसला की बहुतेक मेकॅनिक म्हणतात, पिस्टनच्या रिंगा झिजल्या, इंजिन खोला. झिजलेल्या रिंगांतून जळका वायू खाली पोटात उतरतो, हे खरे. पण रिंगा गेलेले इंजिन थंडीत लगेच चालू होत नाही, चढावर दमते आणि निळा धूर सोडते. यात त्यातले काहीच नव्हते. निरोगी इंजिनातही थोडा वायू खाली उतरतोच. तो बाहेर जाण्यासाठी एक पाइप दिलेला असतो. त्याला ब्रीदर म्हणतात. या जुन्या इंजिनात तो मागच्या बाजूने खाली उतरतो आणि त्याचे तोंड जमिनीकडे उघडे असते.

मी पुन्हा खाली शिरलो. पाइप सापडला. तोंड सापडेना. तिथे मुठीएवढा काळा गोळा होता. चाकूने खरवडला. चिखल, ऑइल आणि धानाचा भुसा यांचा दगडासारखा थर निघाला. त्याच्या आत कापडाची दुहेरी घडी होती आणि घडीवर सुतळीचे घट्ट वेढे.

कापड आपोआप बांधले जात नाही. मी तो गोळा सेठजींच्या समोर ठेवला.

"पाहा!" ते उसळले. "मी सांगत नव्हतो? मुद्दाम बांधलं यानं! गाडी बिघडली का गॅरेजवाल्याकडून याले भेटत असन काहीतरी!"

डोमाजीचा चेहरा उतरला. खरे सांगायचे तर माझाही संशय त्या क्षणी त्याच्याकडे झुकला. पण गाठ सफाईची होती. पोत्याचे तोंड बांधतात तशी, दोन वेढे आणि उलटी ओढ. मिलमध्ये वाढलेल्या माणसाची.

"गाडी खालून शेवटची कोणी धुतली?" मी डोमाजीला विचारले.

"खालून? दसऱ्याले, पूजेच्या वक्ती. पन मी नोहोतो जी. मी दसऱ्याले गावाले जातो. दर वर्षी सेठजीच धुते अन् हार घालते. मोठे सेठबी आपल्याच हातानं धुत."

त्याने हे आरोप म्हणून सांगितले नाही. विचारले म्हणून सांगितले. त्याला अजून काही कळलेले नव्हते.

सेठजींना कळले. त्यांनी गोळा उचलला, कापडाची कड अंगठ्याने पुसली. पिवळसर सुती कापड होते.

"मिलमंदी आमी सारेच तोंडं बांधतो," ते म्हणाले. "सीझन चालू झाला का मोटारीचं, पाइपाचं, जे उघडं दिसन ते. नाईतर भुसा जाते आत. बाबूजीनं शिकवलं. गाडी मिलमंदीच उभी राह्यते. औंदा धुताना माही पहिल्यांदाच नजर गेली, पाइप उघडा दिसला. मले वाटलं, यानं कायतरी पाडलं रस्त्यात अन् सांगतलं नाई. म्हनून मीच बांधलं."

म्हणजे डोमाजीवरचा संशय ऑइल कमी होण्याच्या आधीच सुरू झाला होता. कापड त्याच संशयाने बांधले गेले. नंतर त्या कापडाने जे घडवले, तेही त्याच माणसाच्या नावावर गेले.

मी पाइप आतून साफ केला. इंजिन चालू केले. झाकण सैल करून हात धरला. हलकी फुंकर होती, असावी तेवढी. कमी झालेले ऑइल भरले, दोन्ही जोड पुसले. नवा भाग एकही घातला नाही.

सेठजींनी चावी खिशातून काढली आणि डोमाजीपुढे धरली. डोमाजीने हात पुढे केला नाही.

"नवा मानूस सांगून ठेवला हाये ना तुमी?"

"त्याले नाई म्हनून देतो."

"मंग आताच म्हना. माह्यासमोर."

सेठजींनी माझ्या शेडमध्ये उभे राहून फोन लावला. "नोको येऊ. गरज नाई आता," एवढेच बोलले. पलीकडून कारण विचारले असावे, कारण ते पुढे म्हणाले, "चूक माही होती." फोन ठेवल्यावर डोमाजीने चावी घेतली, सीटवर बसला, आणि आरसा स्वतःच्या उंचीला पुन्हा लावला. सकाळी तो सेठजींनी आपल्या उंचीला लावलेला होता; चालवताना मीही तो तसाच ठेवला होता.

नंतर गाडी दोनदा तपासणीला आली. जोड कोरडे होते, डिपस्टिक जागेवर होती. यंत्रावरचा उघडा पाइप बांधण्यापूर्वी तो उघडा का आहे, हे विचारावे. यापलीकडे मला त्या कामातून काही शिकवायचे नाही.

दोन्ही वेळा डोमाजीच गाडी घेऊन आला होता. दोन्ही वेळा मी खाली शिरून बोल्टवरची पांढरी रेघ आधी पाहिली. अखंड होती.