ग्लेनिसची चव्वेचाळीस माणसं

यॉर्कशरमधल्या स्किप्टन गावात कालव्याच्या कडेने काळपट दगडाच्या घरांची रांग आहे. त्यातल्या शेवटून दुसऱ्या घराच्या दारात हिवाळ्यात चिखलाचे बूट दिसतात आणि एप्रिल ते ऑक्टोबर निळी बॅग. बॅग दिसली की समजायचं, ग्लेनिस हॉब्सन उद्या निघाली. चव्वेचाळीस म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये बसवायचं, एडिंबरापासून बाथपर्यंत जुनी शहरं, किल्ले, मोठमोठी चर्चं दाखवायची आणि शनिवारी संध्याकाळी चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस परत आणून सोडायची, हा तिचा तेवीस वर्षांचा उद्योग. नवऱ्याला, रॉनीला, शर्यतीच्या कबुतरांचा नाद. तो पबमध्ये चारचौघांत सांगतो, "माझं बरं आहे. बायको काय आणि कबुतरं काय, सोडून दिली की आपापली घरी येतात." हे ग्लेनिसच्या कानावर आलेलं आहे. तिचं म्हणणं एवढंच, की कबुतरांसाठी तो निदान परसात उभा राहून वाट तरी बघतो.

ती गाइड झाली ती एका दाढेमुळे, आणि दाढही तिची नव्हे. लोकरीच्या गिरणीचं कॅन्टीन बंद पडलं तेव्हा ती सहलीच्या बसवाल्यांकडे चहा करायला आणि टेलिफोन घ्यायला लागली. एका सोमवारी ठरलेले गाइड गाल सुजवून आले, तोंड उघडेना. म्हातारे मालक म्हणाले, "ग्लेनिस, तू इथे दिवसभर बोलतेसच. तेच बसमध्ये बसून बोल." बस चेस्टरला निघाली होती. चेस्टरबद्दल तिला एवढंच ठाऊक, की तिची मावशी तिथे राहते. मग मँचेस्टर येईपर्यंत तिने मावशी सांगितली, आणि मँचेस्टरनंतर मावशीचे तीन नवरे. परत आल्यावर लोकांनी पुढच्या सहलीचं नाव नोंदवताना विचारलं, "ती मावशीवाली बाई येणार का?"

नंतर तिने ग्रंथालय पालथं घातलं. पण सांगायची पद्धत मावशीचीच राहिली. आठव्या हेन्रीबद्दल ती असं बोलते, जणू तो खालच्या गल्लीत राहत होता आणि त्याच्या सहाही बायका हिच्या स्वयंपाकघरात बसून रडून गेल्या होत्या. तारखा कमी, भानगडी जास्त. यॉर्कची भिंत कुणी बांधली हे उतारू विसरतात, पण ती बांधताना कोण कुणाशी बोलत नव्हतं हे जन्मभर लक्षात ठेवतात.

आणखी एक तिची खोड म्हणजे, ती डोकी मोजत नाही. थांब्यावरून बस निघण्याआधी ती पुढून मागे चालत जाते आणि प्रत्येकाला काहीतरी विचारते. गुडघा कसा आहे. नातीचं पत्र आलं का. ते सँडविच संपवलं की पुन्हा खिशात ठेवलं. यात दहा मिनिटं जातात. ड्रायव्हर क्लिफ तेवढ्यात एक सिगरेट ओढून घेतो.

या दहा मिनिटांवर गॅरेथचा डोळा होता. गॅरेथ म्हणजे म्हाताऱ्या मालकांचा पुतण्या. काकांचे गुडघे गेल्यावर धंदा त्याच्या हाती आला होता. लीड्सला शिकलेला, बूट टोकदार, बोलणं गोड. त्याने एक पेटी आणली. ही पेटी उपग्रहावरून बस कुठे आहे ते ओळखायची आणि आपोआप माहिती सांगायला लागायची. आवाज लंडनच्या कुणा नटाचा, लोणी लावलेला. गॅरेथने ठरवलं, सहा दिवसांच्या दक्षिणेच्या सहलीत पहिले तीन दिवस ग्लेनिस बोलेल, बाथपासून पुढे पेटी. शेवटच्या दिवशी लोक फॉर्म भरतील आणि त्यावरून पुढच्या वर्षी कोण राहणार ते नक्की होईल.

"वैयक्तिक घेऊ नका, हॉब्सनबाई," तो ऑफिसात म्हणाला.

"नाही घेत. याच टेबलावर तुझे लंगोट बदललेत मी. तेही वैयक्तिक घेतलं नव्हतं."

वरवर ती अशी बोलली, तरी मनात हिशेब स्पष्ट होता. पेटी जिंकली तर एप्रिल ते ऑक्टोबर कालव्याकाठी बसून कबुतरांचं घुमणं ऐकायचं. रॉनी चांगला माणूस आहे, पण बोलतो तो फक्त पिसं असलेल्यांशी. ग्लेनिसला ते परवडणारं नव्हतं. आणि आपण हरू असं तिला मुळीच वाटत नव्हतं. फक्त त्या लोण्याच्या आवाजाचा राग येत होता.

चौथ्या दिवशी दुपारी बाथहून बस निघायची होती. दोन वाजता स्टोनहेंजला आत जायची वेळ ठरलेली, चुकली की गेली. सहलीला सोबत आलेल्या गॅरेथने ग्लेनिसला अगदी मागे, संडासाशेजारच्या सीटवर बसवलं आणि आज माईकला हात लावायचा नाही असं बजावलं. मग हातातलं टिकटिक करणारं यंत्र दाबत त्याने दारातूनच डोकी मोजली. पाऊण मिनिटात काम झालं.

"चव्वेचाळीस. निघू या, क्लिफ."

क्लिफने आरशातून मागे ग्लेनिसकडे बघितलं. तिने खांदे उडवले. बस निघाली आणि पेटी बोलू लागली. सन, सनावळी, उंची, रुंदी, कोणत्या खाणीतला दगड. उतारू दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसे हात मांडीवर ठेवून बसले होते. ग्लेनिसने विणकाम काढलं, दोन ओळी विणल्या, तीन उसवल्या. अर्ध्या तासाने तिच्या डोक्यात आलं, माईकला बंदी आहे, चालायला कुठे आहे? ती उठली आणि मागून पुढे निघाली.

"मिसेस ओल्डरॉइड, घोटा सुजलाय का अजून?"

"सूज उतरली गं. हा माणूस कधी गप्प बसणार?"

"सॉल्सबरीला मुक्कामाला पोचल्यावर," ग्लेनिस म्हणाली आणि पुढच्या रांगेकडे वळली. नवव्या रांगेत ती थबकली. मधल्या वाटेच्या बाजूला एडना क्रॅबट्री, पोस्टातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, केसांना निळसर झाक. खिडकीपाशी गवती टोपी मांडीवर घेतलेला एक लालबुंद गृहस्थ. हा माणूस ग्लेनिसने जन्मात पाहिला नव्हता. तिथे विल्फ्रेड टॉल्सन बसायला हवा होता, घड्याळं दुरुस्त करणारा, एकोणऐंशी वर्षांचा, एकटा.

"एडना, विल्फ्रेड कुठाय?"

"ते मला काय माहीत," एडना खालच्या आवाजात म्हणाली. "हे मिस्टर लार्टर. नॉरिजचे."

"आणि हे इथे बसले तेव्हा तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? त्यांनी टोपी काढून गुड आफ्टरनून म्हटलं. आता त्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, की तुम्ही आमचे नव्हे? मी पेपरमिंट दिलं."

मागच्या रांगेतून आवाज आला, "आम्हाला वाटलं, विल्फ्रेडचा भाऊ असेल."

मिस्टर लार्टर अर्धवट उभे राहिले. "चूक सगळी माझी आहे, बाई. आमचीही बस पांढरीच होती. गाव सोडलं आणि लक्षात आलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सगळे इतके आरामात बसले होते. म्हटलं, कुठे त्रास द्यायचा." त्यांनी टोपी गोल फिरवली. "आणि खरं सांगू? आमच्या यादीत स्टोनहेंज नव्हतं."

ग्लेनिस पुढे गेली आणि गॅरेथच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा ताकासारखा झाला. त्याने हातातल्या यंत्राकडे बघितलं.

"आकडा तर बरोबर होता."

"आकडा बरोबरच आहे. माणूस चुकलाय."

"लोकांना सांगू नका," तो कुजबुजला. "टॉल्सनसाहेब काही लहान नाहीत. ट्रेनने सॉल्सबरीला येतील. फोन करू त्यांना."

"त्यांच्याकडे फोन नाही. आणि ते हलणारच नाहीत. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगते, चुकामूक झाली तर जिथे मी शेवटची दिसले तिथेच उभं राहायचं, मी येते. हे लोक सांगितलेलं ऐकतात, गॅरेथ. हीच तर पंचाईत आहे."

तिने बाथला फोन लावला. ॲबीसमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या जुन्या चर्चसमोर, फिलिपाचं चहाचं दुकान आहे, वीस वर्षांची ओळख.

"फिलिपा, खिडकीतून बघ. ते शिडी चढणारे दगडी देवदूत आहेत ना, त्यांच्या खाली तपकिरी टोपीतला म्हातारा उभा आहे?"

"आहे ना. दोनदा म्हटलं आत येऊन बसा. म्हणतो, ग्लेनिसने हलू नका सांगितलंय. पाऊस भुरभुरतोय इथे, अगं."

"कप बाहेर नेऊन दे. मी येतेच."

ती माईककडे वळली, तसा गॅरेथ मध्ये आला. आता त्याच्या आवाजातला गोडवा गेला होता. "आज माईक तुमचा नाही. घेतलात तर उरलेली सहलही तुमची नाही आणि पुढचं वर्षही नाही. दोनची वेळ चुकली तर चव्वेचाळीस तक्रारी येतील."

"त्रेचाळीस," ग्लेनिस म्हणाली. "विल्फ्रेड पावसात आहे."

तिने पेटीचं बटण दाबलं. नट अर्ध्या वाक्यात गप्प झाला. बसमध्ये दोनतीन जणांनी सुटकेचा श्वास टाकला, पण हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"ऐका. मिस्टर टॉल्सन बाथला राहिलेत. त्यांच्या जागी हे मिस्टर लार्टर आलेत. चांगले गृहस्थ आहेत, पण आपले नाहीत. परत गेलो तर स्टोनहेंजला आत जाता येणार नाही, हे आत्ताच सांगते. ते दगड साडेचार हजार वर्षं उभे आहेत. विल्फ्रेड पाऊण तास उभे आहेत आणि त्यांचा कोट पातळ आहे. कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला. घरी जाऊन चार पानी पत्र लिहू नका."

मग मिसेस ओल्डरॉइड म्हणाल्या, "काहीच हरकत नाही."

यॉर्कशरमध्ये 'काहीच हरकत नाही' तीन तऱ्हेने म्हणतात, आणि त्यातल्या दोन तऱ्हांचा अर्थ हरकत आहे असा होतो. ग्लेनिसने विचारलं, "मिसेस ओल्डरॉइड, ही खरी की पोस्टाने येणारी?"

"खरी. पण चहा मिळायला हवा."

"मिळेल."

क्लिफने कधीचाच वळायचा दिवा लावून ठेवला होता. "तुझं भाषण संपायची वाट बघत होतो," तो म्हणाला आणि पुढच्या चौकातून बस परत फिरवली.

बाथला विल्फ्रेड तसाच उभा होता, एका हातात कप, दुसऱ्या हातात खिशातलं घड्याळ. ॲबीच्या आत घड्याळाची वेळ जुळवत बसला आणि मागे राहिला, एवढीच त्याची कहाणी. गॅरेथ आधी धावत गेला आणि माफी मागितली. त्यावर विल्फ्रेडने गॅरेथची माफी मागितली. गॅरेथने पुन्हा मागितली. विल्फ्रेड तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात ग्लेनिस येऊन पोचली.

"दोघांचं झालं असेल तर चहा प्यायला चला."

"पावणेदोन झाले, ग्लेनिस," विल्फ्रेड म्हणाला. "मला वाटलं, तू सव्वाला येशील."

"उशीर झाला मला."

"चालायचंच. पण मी एक पाऊल हललो नाही."

"ते मला माहीत होतं."

नॉरिजची बस थांब्यावरच होती आणि तिची गाइड कमरेवर हात ठेवून. मिस्टर लार्टरनी तिच्याकडे जाण्याआधी एडनाचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला आणि पेपरमिंटच्या कागदावर आपला पत्ता लिहून दिला. तेव्हापासून एडना स्किप्टनभर सांगत फिरते, की नॉरिजचं कॅथीड्रल एकदा बघायलाच हवं. चार दिवस बसमध्ये मात्र तिने एकाही कॅथीड्रलकडे मान वर करून बघितलं नव्हतं. असो.

फिलिपाच्या दुकानात चव्वेचाळीस जणांना चहा आणि जॅम लावलेले स्कोन मिळाले. गॅरेथ बाहेर बसच्या पायरीवर बसला होता. ग्लेनिस त्याच्यासाठी कप घेऊन आली.

"माईक घ्या, हॉब्सनबाई," तो म्हणाला. "रागाच्या भरात बोललो मी."

"घेते. पण आधी पुढच्या वर्षाचं लिहून दे."

"फॉर्म भरून होऊ देत ना."

"कसले फॉर्म? अरे, ही माणसं बुडत्या जहाजातसुद्धा 'उत्तम'वर खूण करतील. मला उत्तम, तुझ्या पेटीला उत्तम, संडासाला उत्तम. फॉर्ममधून तुला काही कळणार नाही. आज दुपारी काय कळलं ते सांग."

गॅरेथने बुटांच्या टोकांकडे बघितलं. "मला मोजता येत नाही, हे."

"मोजता येतं तुला. ओळखता येत नाही. ते शिकायला वेळ लागतो, मी शिकवीन. लिही."

त्याने कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलं, एप्रिल ते ऑक्टोबर, सगळ्या सहली, ग्लेनिस हॉब्सन. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं, तारीख राहिली होती ती घालायला लावली, सही घेतली आणि कागद घडी करून बॅगेत टाकला.

"आणि पेटी टाकून देऊ नकोस," ती म्हणाली. "मी चहा पीत असेन तेव्हा बोलू दे तिला. कुणीतरी बोलायला हवंच."

स्टोनहेंजला पोचेपर्यंत साडेतीन वाजून गेले. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या दगडांशेजारून मोठा रस्ता जातो, आणि तिथे प्रत्येक गाडीवाला बघायला वेग कमी करतो, म्हणून रोजच तिथे गाड्या तुंबतात. बस मुंगीच्या पावलाने सरकू लागली. पाऊस थांबला होता. ग्लेनिसने सगळ्यांना डावीकडच्या खिडक्यांपाशी बोलावलं, आणि चव्वेचाळीस जणांचं वजन एका बाजूला आल्यावर क्लिफने फक्त "सावकाश, मंडळी" म्हटलं.

"हे आणले कुणी?" विल्फ्रेडने विचारलं.

"नावं कुणालाच माहीत नाहीत," ग्लेनिस माईकमध्ये म्हणाली. "त्यातले लहान दगड पार वेल्सहून आणलेत. आता बघा, दीडदोनशे मैल, रस्ता नाही, आणि सगळे पुरुष. वाटेत भांडणं झाली असणारच. त्या डावीकडच्या दोन दगडांकडे बघा, एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत की नाही? त्याचीच गोष्ट सांगते."

पुढची गाडी दहा हात सरकली. क्लिफने बस जागेवरच ठेवली, कारण गोष्ट नुकती कुठे सुरू झाली होती.