घरचं माणूस नमुन्यात नको

निपाणीच्या आमच्या कॉलेजात "आज लई उकडतंय" म्हणायची सोय नव्हती. समाजशास्त्राचे कांबळे सर लगेच मोबाइल काढून तापमान वाचून दाखवायचे. "कालच्यापेक्षा एक डिग्री कमीच हाय. वाटणं हा पुरावा न्हाई, मॅडम." मी मराठी शिकवणारी, माझं सगळं पोट वाटण्यावरच चाललेलं. राग यायचा त्यांचा, तरी डबा मी त्यांच्याच शेजारी बसून खायची, कारण खोटं बोलणं त्या माणसाला जमतच नव्हतं. ते कॉलेज सोडून गेले त्याला आता दोन वर्षं झाली.

सरांची आई शेवंताक्का. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर तंबाखू चाळून तिनं एकटीनं त्यांना शिकवलं. पीएचडीला सरांनी विषयही तोच घेतला, वखारीतल्या बायकांचं आरोग्य. छापील प्रश्नावली घेऊन ते गल्लीगल्ली फिरले. कामाला कधी लागलात, काय दुखतं, खोकला कधीपासून. एकदा एक बाई सांगता सांगता रडायला लागली, तर यांनी पेन थांबवलं, ती गप्प होईतो वाट बघितली आणि पुढचा प्रश्न वाचला. हे त्यांनीच मला सांगितलं, वर अभिमानानं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. शेवंताक्का धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून बसली होती. मला वाटलं, कुठं जायचं असेल. चहा देताना तीच म्हणाली, "समद्या गल्लीला इचारून झालं. माझी पाळी कवा गं?" म्हटलं हसतच, पण दर रविवारी ती अशीच तयार होऊन बसते, हे शेजारणीकडून मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे समजावलं, "घरचं माणूस नमुन्यात घेतलं की अभ्यास वाकतो. परीक्षक पहिलं तेच धरतील." मी म्हटलं, अहो, नमुन्यात नका धरू, नुसतं विचारा. तर म्हणाले, प्रबंध एकदा जमा होऊ दे, मग निवांत बसतो तिच्याजवळ. मला ते पटलं. आज स्वतःची चीड येते ती त्याचीच.

प्रबंध जमा झाला आणि त्याच महिन्यात शेवंताक्काच्या छातीनं दगा दिला. बेळगावला दवाखान्यात नेलं तेव्हा घशात नळी, बोलायची सोयच राहिली नाही. सर दाराबाहेर उभे राहून रिपोर्ट वाचत होते. पाचव्या दिवशी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्तीतल्या बायका जमल्या. सर सगळ्यांना आजाराचं नाव, त्याचं कारण, नीट समजावून सांगत होते, वर्गात सांगावं तसं. वखारीत शेवंताक्काच्या शेजारी जन्मभर बसलेली काशाक्का मध्येच म्हणाली, "खोकला मागनं आला रं. तिचं नाक पयल्यांदा गेलं."

सर बोलायचे थांबले. त्यांच्या प्रश्नावलीत नाकाचा प्रश्नच नव्हता.

तंबाखूच्या धुळीनं तिला कशाचाच वास येत नव्हता, काशाक्का सांगू लागली. अगदी पोरवयातच गेला. भाजी करपली का, हेसुद्धा ती शेजारणीला विचारायची, आणि लेकाला सांगू नका म्हणायची, उगी त्याचं शाळेतलं ध्यान उडायचं. आम्ही सगळ्या ऐकत होतो. सर भिंतीला टेकून खालीच बसले.

"तू झालास तवा तुझी टाळू हुंगायची," काशाक्का म्हणाली. "रोज हुंगायची. आन् मला म्हणायची, कसा गं वास येतो ह्याच्या डोक्याला, सांग की मला."

मग सरांनी विचारलं.

"मग तुमी काय सांगितलं तिला, मावशी?"

काशाक्कानं डोळे मिटून आठवून पाहिलं. खूप प्रयत्न केला बिचारीनं.

"काय की रं बाबा," ती म्हणाली. "आता न्हाई आठवत."