दिसलं, सर!

विश्रांतवाडीतल्या त्या गल्लीत शर्मिला पहिली डॉक्टर. पोस्टातून निवृत्त झालेले तिचे वडील तात्याराव हे भाजीवाल्यालाही सांगायचे, आणि त्याचं लक्ष नसलं तर पुन्हा सांगायचे.

कॉलेजात तिच्या बॅचचा लाडका विषय म्हणजे डोळे, कारण शितोळे सर. सर किस्से असे रंगवत की मुलं डबा खायचं विसरत. मग अंधाऱ्या खोलीत एक पेशंट बसवायचा, आणि हातातल्या छोट्या यंत्रातून त्याच्या डोळ्यातली नस बघायला रांग लागायची. पहिल्या खेपेस शर्मिलाला नुसता लालसर उजेड दिसला. पुढचे सगळे झटपट 'दिसलं' म्हणून गेलेले, मागे निम्मी बॅच ताटकळलेली.

"दिसलं?" सरांनी विचारलं.

"दिसलं, सर."

एकदा हो म्हटलं की पुढच्या वेळी नाही म्हणायची सोय उरत नाही. टर्म संपल्यावर कॉलेजनं मोबाइलवर विचारलं, शिकवण्याबद्दल किती समाधानी आहात? अख्ख्या बॅचनं पाचपैकी पाच तारे दिले. शर्मिलानंही दिले, आणि तेही अगदी मनापासून. धन्य ते समाधान!

ती इंटर्न असताना तात्याराव म्हणाले, "अगं, डावीकडून आलेली गाडी जरा उशिरा कळते. बघतेस का?"

मैत्रिणीचं यंत्र आणून, पडदे ओढून तिनं पाहिलं. तोच लालसर उजेड. आई सुंदराबाई दारात कौतुकानं उभ्या होत्या.

"छान आहे सगळं, पप्पा," ती सवयीनं बोलून गेली. मग तात्याराव निवांत चहा प्यायला बसले.

यंदा आळंदी रोडवर त्यांची स्कूटर एका उभ्या हातगाडीवर आदळली. शर्मिला त्यांना कॉलेजात शितोळे सरांकडेच घेऊन गेली. काचबिंदू निघाला.

"गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं टिकवू," सर म्हणाले. "वर्षभर आधी कुणी नस पाहिली असती, तर एवढं गेलं नसतं. दाखवलं नव्हतं कुणाला?"



"नाही हो, डॉक्टर," तात्याराव शर्मिलाकडे न बघता म्हणाले. "आमचाच आळस."

त्यांनी चारचौघांत मुस्काटात मारली असती, तरी तिला इतकी लाज वाटली नसती. ज्या बापानं गावभर तिचं नाव मिरवलं, तोच आता तिच्यासाठी खोटं बोलत होता.

सरांनी यंत्र तिच्या हातात दिलं. मागे नव्या बॅचची मुलं रांगेत उभी होती. "ये, तूही बघ, नसेला कसा खळगा पडलाय. दिसलं?"

शब्द जिभेवर तयारच होता. तिनं तो गिळला.

"नाही, सर. मला कधीच दिसलं नाही. पप्पांचा डोळा मीच पाहिला होता, आणि छान आहे म्हणाले होते."

रांगेतली दोन-तीन मुलं एकाएकी जमिनीकडे बघू लागली.

तात्यारावांनी हनुवटी वर केली. "मग आता नीट बघ, बाळा. मी हलत नाही."