शटलमधला रिकामा बाक

"आज पाटी नाही, तर वासही घरी ठेवून आलीस काय गं?"

पालघरच्या कचेरीत कामाला जाणारा टोपीवाला माझ्या आयला असं म्हणाला आणि अख्खा बाक हसला.

डहाणूहून सकाळी सुटणारी शटल. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं, रेल्वेला तिसरा वर्ग होता. आय रोज या गाडीने सुके बोंबील विकायला जायची आणि दाराजवळ खाली बसायची. मासळीवालीने खालीच बसायचं, असा रिवाज. तिकीट मात्र पूर्ण.

त्या दिवशी डोक्यावर बोंबलांची पाटी नव्हती. आयच्या पोटात गाठ होती. मी तिला मुंबईच्या इस्पितळात नेत होते. पहाटे तिने दोनदा साबण लावून अंघोळ केली होती, ठेवणीतलं लुगडं नेसली होती. बाकावर जागा होती, म्हणून मी तिला वर बसवलं.

आयही त्यांच्याबरोबर हसली. ते हसू मला आजही सहन होत नाही. हसत हसत, पोट धरून ती खाली सरकली.

"चल गो बाय, खाली बस. याच गाडीनं यायचं हाय आपल्याला रोज."

मी तिच्याशेजारी बसले. गाडी आदळली की ती ओठ घट्ट मिटायची.

डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. त्याच दिवशी आम्ही परत फिरलो. बोईसर सुटलं तेव्हा डब्यात आम्ही दोघीच उरलो. सगळे बाक मोकळे. आय दाराजवळ खालीच.

"आय, वर आडवी हो जरा."

"हितं बरी हाय गो."

"अगं, कोणी नाही डब्यात."

"येल ना कोन तरी."

तिला उठवायला आता माणूसही लागत नव्हता. तेव्हा मला कळलं, बाकावरच्या माणसांनी तिचं काय केलं होतं.

पावसाआधी ती गेली. पाटी माझ्या डोक्यावर आली. पहिल्याच दिवशी ती दाराजवळ ठेवली आणि मी बाकावर बसले.

"आईची रीत विसरलीस वाटतं," टोपीवाला म्हणाला.

"आय गेली."

त्याने टोपी सारखी केली. मग म्हणाला, "बरं. पण तू ऊठ."

"वास येत असेल तर तुम्ही उठा."

त्याने तिकीट तपासनिसाला बोलावलं. मी तिकीट पुढे धरलं. तपासनिसाने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. "तिकीट ठीक आहे. पण बस ना बाई खाली, कशाला कटकट?"

मी उठले नाही. पालघरपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

आज माझ्या मुली म्हाताऱ्या माणसाला, पोटुशी बाईला जागा देतात. कुणी हुकूम सोडला म्हणून देत नाहीत. घरात तशी सक्त ताकीद आहे.

आयला मात्र मी वर बसवू शकले नाही. ही जखम भरून यावी, अशी माझी इच्छाही नाही. ती अशीच उघडी राहो. मी बाकावरून उठणार नाही.