आरओच्या नळीखालची बादली

मला रागवायला कारण लागत नाही. त्या रविवारी तर आयतंच मिळालं. भांडुपच्या आमच्या स्वयंपाकघरात आरओच्या नळीखाली सासूबाईंची बादली असते, तिला मी सकाळीच धडकले. लादीभर पाणी! "आई, हलवा ना ही बादली इथून!"

"सांडलंस तू आणि बोलतंस माका?"

आरओ जेवढं पाणी गाळून देतो त्याहून जास्त बाहेर टाकतो. आमच्या मालवणी सासूबाई ते सगळं लादी पुसायला, संडास-बाथरूम धुवायला वापरतात.

खरं तर मी ऑफिसच्या टेन्शनमध्ये होते. पवईच्या ऑफिसात माझं काम म्हणजे ग्रीन हायड्रोजनची झडती घेणं. सोलरच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढतात, म्हणून तो ग्रीन. पण पॅनेलं बनवताना किती कोळसा जळला, गॅस दाबून भरायला किती वीज लागली, टँकर किती डिझेल प्यायला, पाणी किती लागलं, हे सगळं धरल्यावर तो कितपत हिरवा उरतो, ते मी मोजते. माझ्या जबाबदारीवरचा पहिलाच रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. प्लांट एका कोरड्या गावाशेजारी उभा राहणार होता, बोअरवेलच्या पाण्यावर. पाहणीला गेले तेव्हा तिथल्या एका बाईनं तळ गाठलेल्या विहिरीतून पाणी शेंदून आधी मला तांब्या दिला होता. "आमचं पाणी नेणार नाहीत ना?" तिनं विचारलं. मी छातीठोकपणे म्हणाले, "थोडंसंच लागतं हो."

आता लादी पुसत होते, तर सासूबाईंनी विचारलं, "तुमच्या त्या कारखान्यात पण पाणी गाळतत?"

"हो, याहून कितीतरी शुद्ध लागतं."

"मगे थयचा उरलेला पाणी खंय जाता?"

फडकं माझ्या हातातच राहिलं. वाट लागली! मशीनमध्ये जाणारं शुद्ध पाणी तेवढं मी मोजलं होतं. गाळताना टाकून दिलेलं कुठेच धरलं नव्हतं. रोज घरात बादली भरते आणि मला दिसू नये? लाज वाटली मला. शुक्रवारी सर रिपोर्टला झकास म्हणाले होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण तो तांब्या काही डोळ्यांपुढून हलेना.

सरांना फोन लावला. "सर, पाण्याचा आकडा चुकलाय. माझीच चूक."

"हे आज सांगतेस?"

"मग काय उद्या क्लायंटसमोर सांगू?" म्हटलं आणि जीभ चावली. सर हसले. "कर बाई दुरुस्त."

सोमवारी नवा आकडा बघून क्लायंटची तोंडं वाकडी झाली. बरीच वादावादी झाली, मीही आवाज चढवला. शेवटी बोअरवेल रद्द झाली. शेजारच्या शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरायचं, आणि गाळताना उरेल ते प्लांटच्या संडासांना, रस्त्यांवर मारायला, असं ठरलं.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं.

"म्हणजे बादली लावल्यानी मां?"

"लावली, आई." मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

आमची बादली अजून पायात येते. हलवा म्हणायची माझी टाप नाही.