मनोरीचं घर, जिथे वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगावी लागे

मनोरीला कुठे उतरावं, असं ब्लॉगवर कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. तिथल्या आजच्या हॉटेलांची मला काडीची माहिती नाही. मला माहीत आहे ते ऐंशीच्या दशकातलं एक घर, आणि त्याचं वर्णन वाचून कोणाचं बुकिंग होणार नाही. तरी सांगते.

मी तेव्हा मुलुंडला राहायची आणि एका ऑफिसात टायपिस्ट होते. काचबिंदूने आईची नजर गेली, तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला मोठ्यांदा वाचून दाखवायची. पान उलटलं की ती "हं" म्हणायची. मग एका पावसाळ्यात ती गेली. ऑफिस, बाजार, लाइटचं बिल सगळं जमत होतं, फक्त वाचता येईना. एक पान व्हायचं, "हं" यायचं नाही, आणि मी पुस्तक मिटायची. वाचन हा माझा एकुलता एक शौक. तोही आईबरोबर गेला की काय, या विचाराने मी अक्षरशः घाबरले होते.

माझी ही तऱ्हा बघून ऑफिसातली सुधा म्हणाली, "मनोरीला जा ना. एक कोळीण खोली देते, सकाळची न्याहारी, रात्रीचं जेवण देते. पाहुण्यांसाठी पुस्तकांचं कपाट पण आहे. झकास आहे गं!"

"एकटी जाऊ?"

"मग काय वरात नेणारेस?"

मुलुंडहून घाटकोपर, घाटकोपरहून अंधेरी, मग मालाड, आणि मालाडहून मार्व्याची बस. अख्खी सकाळ बस बदलण्यात गेली. मार्व्याहून खाडी ओलांडायला होडी, तिकीट अगदीच चिल्लर. मात्र भरतीची वेळ विचारून निघा. मी ओहोटीला पोचले आणि चपला हातात घेऊन चिखलातून होडीपर्यंत गेले. होडीत सगळे कोणाबरोबर तरी होते. एका बाईने "तुमच्याबरोबरचे मागे राहिले का?" असं विचारलं. मी हो म्हणून टाकलं.

घर समुद्राच्या जवळ होतं. मालकीण हिरूमावशी साठीच्या पुढची, आवाज होडी वल्हवणाऱ्याला किनाऱ्यावरून हाक मारावी असा. तिचा मुलगा मासेमारीला गेला की चार-चार दिवस समुद्रावर. खोली साधी, पलंग करकरणारा, चादर स्वच्छ. पडवीत ते कपाट होतं. पाहुण्यांनी मागे ठेवलेली पुस्तकं खाऱ्या हवेने खराब होऊ नयेत म्हणून मावशीने सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली होती. स्वतःला वाचता येत नसल्यामुळे वर नावं लिहून घ्यायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता कुठलं पुस्तक कुठलं, हे देवालाच ठाऊक.

"कनचा पण घे," ती म्हणाली. "घरी न्यायचा नाय. आन् सकाली न्याहारीला मना गोष्ट सांगायची."

हा त्या घराचा नियम होता. दुसऱ्या दिवशी गरम तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी समोर आली, तेव्हा मी हुशारी करून पुस्तकच घेऊन बसले आणि मोठ्यांदा वाचायला लागले. मला वाटलं, सुटले! ऐकणारं माणूस मिळालं.

मावशीने दुसऱ्या वाक्याला हात वर केला. "वाचू नको गो, सांग! तू वाचीत बसशील न् माजी मासली कावले नेतील."

"मग आधीच्या पाहुण्यांनी काय सांगितलं ते तरी सांगा."

तिने सांगितलं. एका डॉक्टरची बायको पळून जाते, तो दुःखात बुडतो, आणि अचानक पिस्तूल घेऊन बंदरावर चोर पकडतो. निम्मी गोष्ट ठाण्याच्या एका जोडप्याने सांगितलेली, पुढची दादरच्या कोणा काकांनी. कव्हरं सारखी, म्हणून मावशीने पुस्तकही एकच धरलेलं! मला हसू आवरेना. ती मात्र गंभीर होती. "दोन दिसांचे पाव्हणे. शेवट मना कोणच सांगत नाय."

ते ऐकून मला कसंतरीच झालं. दुपारी समुद्रावर गेले. तिथे एका कुटुंबाने आपला फोटो काढायला माझ्या हातात कॅमेरा दिला. मी काढला, परत केला, आणि हे बघ, ते बघ म्हणायला माझ्याबरोबर कोणीच नव्हतं म्हणून खोलीवर आले. सकाळचंच पुस्तक उघडलं. पहिलं पान संपल्यावर सवयीने थांबले. मग म्हटलं, उद्या शेवट सांगायचाय, थांबून चालणार नाही. जेवणाच्या हाकेपर्यंत निम्मं झालं होतं, झोपण्याआधी पुरं झालं. मधे आईची आठवण आली नाही असं नाही. खूप आली, आणि मी रडत रडत वाचत राहिले.

सकाळी मी गोष्ट सांगितली. आईबाप नसलेल्या भावंडांना मोठी बहीण वाढवते. एकेकाचं लग्न होतं, जो तो आपापल्या वाटेने जातो. धाकट्या भावाला गाडीत बसवून ती घरी परतते, कुलूप काढते, आत जाते.

"मग?" मावशीने विचारलं.

"मग काही नाही. संपलं."

"ती जेवली का?"

"ते लिहिलेलं नाही हो मावशी. पुस्तक तिथेच संपतं."

"पुस्तक संपला," मावशी वैतागली. "बाय कुठं संपली? घरी येऊन जेवली का नाय ती?"

मी भाकरीचा तुकडा मोडत बसले.

निघताना तिने वर्तमानपत्रात सुके बोंबील बांधून दिले. त्यांच्या वासाने मालाडपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. तुम्ही विचाराल, या ट्रिपमधून काय मिळालं? समुद्र मनोरीपेक्षा चांगला दुसरीकडेही आहे. आई गेल्यापासून मी संध्याकाळी चहा-पावावर भागवत होते. त्या दिवशी भात लावला, बोंबील तव्यावर टाकले, व्यवस्थित ताट वाढून घेतलं. मग फळीवरचं एक पुस्तक काढून ताटाशेजारी उघडं ठेवलं आणि जेवता जेवता वाचायला लागले. आमच्या घरात याला सक्त मनाई होती. दिसत नसतानासुद्धा आईला पानाचा आवाज बरोबर कळायचा. मी पान उलटलं. कोणी ओरडलं नाही. मी जेवत राहिले, आणि वाचत राहिले.